रेसच्या पुस्तकातली अक्षरं

थोरले काका मराठी शाळेतून सातवी पास झालेले. डिलाइल रोडच्या चाळीत आमची दीड खोली, आणि काका गिरणीत साचेखात्यात. इंग्रजी त्यांना येत नसे. तरी रेसच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनाबाहेरून ते 'कोल' घेऊन येत. मुंबईत रेसच्या पुस्तकाला हेच नाव. पुढे नोकरीनिमित्त मद्रासला गेले तेव्हा कळलं, तिथे गिंडीच्या वाटेवर लोक 'वेल' मागतात. काका मला समोर बसवत आणि म्हणत, "पोरी, वरचं नाव तेवढं वाच. खालचं मी बघतो."

वरचं म्हणजे घोड्याचं नाव. खालचं म्हणजे त्या नावाखाली बारीक टायपात छापलेला मजकूर, ज्यात पूर्ण शब्द फारसे नसतच. एकेरी अक्षरं, आकडे, आडव्या रेघा. नाव वाचू न शकणारा माणूस ती ओळ मात्र घडाघडा वाचायचा. मी चौथीत होते. माझ्या शाळेत अजून 'ए फॉर अ‍ॅपल'च्या पुढे फार काही झालेलं नव्हतं, आणि काका 'सीएच एफ' असं बोट ठेवून सांगत होते, "तांबडी आहे. मादी. वय तीन."

ज्यांनी असं पुस्तक कधी हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. नावाशेजारी वय, रंग आणि लिंग. 'बी' म्हणजे बे, आपल्याकडचा कुमाईत. 'सीएच' चेस्टनट, तांबूस. 'जीआर' ग्रे, सब्जा. त्यानंतर 'सी' असेल तर कोल्ट, म्हणजे चार वर्षांपर्यंतचा नर. पुढे तोच 'एच' होतो. 'एफ' म्हणजे फिली, वयात आली की 'एम', मेअर. 'जी' म्हणजे खच्ची केलेला. मग बापाचं नाव, आडवी रेघ, आईचं नाव. मग मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, हँडिकॅपरने दिलेलं रेटिंग, पायातली नाल अ‍ॅल्युमिनियमची की पोलादाची, आणि आधीच्या शर्यतींतले क्रमांक. इंग्लंडच्या कार्डांवर नावाशेजारी आणखी एक 'सी' दिसतो. तो कोल्टचा नव्हे, कोर्सचा. याच मैदानावर आधी जिंकलेला. 'डी' म्हणजे याच अंतरावर जिंकलेला. 'सीडी' जोडून छापलं असेल तर दोन्ही एकाच शर्यतीत, सुटं असेल तर वेगवेगळ्या. रंगाच्या जागी 'बी' म्हणजे कुमाईत. साजाच्या जागी तेच अक्षर आलं की डोळ्यांना झापडं.

बरीच वर्षं मी समजत होते की ही अक्षरं जागा वाचवायला केली. छपाई महाग, कागद लहान, म्हणून आखूड. तेही आहेच. पण इतिहास शिकवायला लागल्यावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची कागदपत्रं वाचनात आली आणि ध्यानात आलं की यातल्या बहुतेक रकान्यांमागे एकेक भांडण आहे. कुणीतरी कुणालातरी फसवलं, किंवा फसवल्याचा संशय आला, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून कागदावर एक गोष्ट जास्त लिहिली जाऊ लागली.

सुरुवातीला लिहिलेलंच फार थोडं होतं. जॉन चेनी नावाच्या माणसाने १७२७ मध्ये शर्यतींच्या निकालांची यादी छापली, ती अशा कामाची पहिली नियमित वार्षिकी. त्या काळच्या कित्येक घोड्यांना नावच नाही. अमक्या लॉर्डाचं कुमाईत शिंगरू, तमक्या घोड्यापासून झालेलं, एवढीच ओळख. मालकाचं नाव मात्र ठसठशीत. स्वाराचं नाव बहुधा नाहीच, तो नोकर. १७६२ मध्ये न्यूमार्केटला जॉकी क्लबने ठरवलं की प्रत्येक मालकाने आपल्या स्वाराच्या पोशाखाचा रंग नोंदवावा. एकोणीस मालकांनी नोंदवला. कारण त्या ठरावातच दिलेलं आहे: धावताना घोडे ओळखता यावेत, आणि रंग माहीत नसल्याने होणारे तंटे टळावेत. डेव्हनशायरच्या ड्यूकने तेव्हा घेतलेला गवती पिवळा रंग त्या घराण्याकडे अजून आहे. रेशमी पोशाखाची शोभा आज जाहिरातीत दिसते. जन्म मात्र तंट्यातून.

१७७३ पासून वेदरबी घराण्याचं रेसिंग कॅलेंडर निघू लागलं आणि १७९१ मध्ये त्याच घराण्याने घोड्यांच्या वंशावळीचं पहिलं पुस्तक काढलं. बापाच्या आणि आईच्या नावामधली ती आडवी रेघ तिथून येते. पण वंशावळ छापली म्हणजे समोर उभा असलेला घोडा तोच, हे सिद्ध होत नाही. हे कळायला १८४४ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षीची एप्सम डर्बी 'रनिंग रेन' नावाच्या घोड्याने जिंकली. डर्बी तीन वर्षांच्याच घोड्यांची. चार वर्षांचा घोडा त्यात उतरवणं म्हणजे नववीतल्या मुलाला सातवीच्या कुस्तीत सोडण्यासारखं. दुसरा आलेल्या 'ऑरलँडो'चे मालक कर्नल पील, पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे भाऊ. त्यांनी तक्रार केली की हा घोडा रनिंग रेन नव्हेच. हा 'मॅकॅबिअस' नावाचा चार वर्षांचा घोडा, कोवळ्या वयातच अदलाबदल केलेला. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी पोलिसाच्या चिकाटीने पुरावे गोळा केले. (विल्यम बेंटिंक, आपले गव्हर्नर जनरल, ते निराळे, नात्यातले, पण निराळे.) जुलैमध्ये खटला उभा राहिला. न्यायाधीश अल्डरसन यांनी साधी गोष्ट मागितली: घोडा आणा, म्हणजे दात बघता येतील. घोडा आलाच नाही. तो कुठेतरी नेऊन ठेवलेला होता. फिर्यादीने दावा सोडला आणि डर्बी ऑरलँडोला मिळाली. त्याच शर्यतीत 'लिअँडर' नावाचा आणखी एक घोडा पाय मोडून मेला होता. पशुवैद्यांनी त्याचा जबडा पाहिला तर तोही चार वर्षांचा. एकाच शर्यतीत वय चोरलेले दोन.

मी ही गोष्ट काकांना सांगितली तेव्हा कॉलेजात होते आणि माझा सूर जरा मास्तरकीचा असणार. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे चौसा दुशात पळवला."

काका साताऱ्याकडचे. तिकडे बैलांच्या शर्यती दातांवर लागतात. दुधाचे दात असलेला आदत, दोन कायमचे आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, मग जुळलेला. वय सालात सांगत नाहीत, तोंड उघडून दाखवतात. घोड्याचंही गणित तेच: तीन वर्षांच्या आसपास खालच्या जबड्यात पुढचे दोन कायमचे दात असतात, चार वर्षांच्या सुमाराला चार. लंडनच्या कोर्टाला जे पाहायचं होतं ते काकांच्या गावात जत्रेच्या दिवशी कुणीही शेतकरी अंगठ्याने ओठ वर करून पाहतो. माझं सगळं संदर्भवाचन त्या चार शब्दांत बसलं.

तेव्हापासून मला आपल्याकडच्या घोड्यांच्या लेखी वर्णनांकडे वेगळ्या नजरेने पाहायची सवय लागली. सरदाराने इतके घोडे बाळगावेत म्हणून सरकार पैसे देई, आणि गणतीच्या दिवशी सरदार शेजाऱ्याचे घोडे उसने आणून उभे करी, किंवा एकच घोडा दोनदा फिरवी. त्यावर अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायाचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबराने १५७० च्या दशकात ती पुन्हा कडक केली. मराठी फौजेत घोडा ज्याचा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर. तिथेही घोडा कुणाचा आणि कोणता हा प्रश्न पैशाचा होता. कुमाईत, सब्जा, अबलख, मुश्की, पंचकल्याणी हे शब्द आज पोवाड्यातले वाटतात, पण गणतीच्या कारकुनाला ते ओळख पटवायला लागत. न्यूमार्केटच्या 'बी' आणि 'जीआर'चं काम याहून वेगळं नव्हतं.

वजनाच्या रकान्यामागचा माणूस म्हणजे अ‍ॅडमिरल रूस. नौदलातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुर्बीण घेऊन शर्यती पाही आणि कोणत्या घोड्याच्या पाठीवर किती शिसं ठेवलं की सगळे एकत्र पोचतील याचा हिशेब मांडी. १८५१ मध्ये यॉर्कला 'फ्लाइंग डचमन' आणि 'व्होल्टिजर' यांची जोडशर्यत झाली. डचमन पाच वर्षांचा, व्होल्टिजर चार. रूसने मोठ्यावर साडेआठ पौंड जास्त ठेवले. डचमन एका लांबीने जिंकला. वयानुसार वजनाचं त्याचं कोष्टक थोडंफार बदलून आजही चालतं. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे पाठीवर अर्धा किलो. काकांना हा भाग सगळ्यात आवडायचा. "चांगल्याच्या पाठीवर दगड ठेवायचा," ते म्हणत, "गिरणीत पण हेच. जो जास्त काढतो त्याला जास्त साचे."

मुंबईत मात्र हा हिशेब आधी अडला. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत आणि एकोणिसाव्या शतकात त्यात मोठा वाटा अरबी घोड्यांचा. इराणी आखातातून गलबतांनी आलेले हे घोडे. आईबापाचं छापील नाव नाही, जन्मसालाचा कागद नाही. आडव्या रेघेच्या दोन्ही बाजू रिकाम्या. मग वजन ठरवायचं कशावर? उंचीवर. खांद्याच्या उंचवट्यापाशी माप घ्यायचं आणि इंचागणिक वजन वाढवायचं. लगेच उंची चोरण्याची विद्या निघाली: मापाच्या दांडीखाली तट्टाने अंग दाबून उभं राहावं म्हणून त्याला शिकवणं वगैरे. घोड्यांची जातही शर्तींत लिहिली जाई: अरब, ऑस्ट्रेलियातून आलेला वेलर, इंग्लिश, आणि 'सीबी', म्हणजे कंट्री-ब्रेड, इथे जन्मलेला. त्या शेवटच्याला सवलत मिळे, कारण तो कमी प्रतीचा असं गृहीत होतं. पुढे १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या मादीने जिंकली. आता त्या शर्यतीत 'सीबी' लिहायची गरज उरलेली नाही. जन्म इथलाच असतो.

निकालाच्या पानावरची अक्षरं फार वेळ घेणार नाहीत. नाक, आखूड डोकं, डोकं, मान, लांबी. भारतीय निकालांत मानेतही आखूड मान आणि लांब मान असा बारीक भेद. फोटोचा कॅमेरा इंग्लंडात १९४७ मध्ये आला आणि दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, 'निंबस'ची डर्बी त्याच्या जोरावर ठरली. तोवर पंचाच्या डोळ्यावर भरवसा. 'डिस्ट' हा शब्द मला आवडतो. पूर्वी एकाच दिवशी तेच घोडे तीन-तीन फेऱ्या धावत. शेवटच्या खांबाच्या २४० यार्ड अलीकडे दुसरा खांब असे. पहिला घोडा पोचेपर्यंत जो त्या खांबापर्यंतही आला नाही तो पुढच्या फेरीतून बाद. त्या फेऱ्या गेल्या, पण फार मागे राहिलेल्या घोड्यापुढे अजून 'डिस्ट' छापतात. आपल्याकडे मैल जाऊन १६०० मीटर आले, स्टोन-पौंड जाऊन किलो आले. हा शब्द राहिला.

आतापर्यंतची अक्षरं क्लबांनी आणि मालकांनी ठेवलेली. पैसे लावणाऱ्यांसाठीच्या खुणा वर्तमानपत्रांनी आणि पुस्तिकावाल्यांनी आणल्या. 'बीएफ' म्हणजे बीटन फेव्हरिट: मागच्या वेळी ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोकांचा भरवसा होता आणि जो हरला. अधिकृत दप्तराला त्याचं काही नाही; लोकांचे बुडलेले पैसे ही घोड्याची माहिती नव्हे. पण पुढच्या वेळी पैसे लावणाऱ्याला ती आठवण हवी असते. गणिताचे शिक्षक असलेले फिल बुल यांनी टाइमफॉर्म काढलं, तिथे बेभरवशाच्या घोड्याच्या आकड्यापुढे कायद्याच्या पुस्तकात कलमासाठी वापरतात ती वळणदार खूण लावतात. अगदीच लबाड असला तर दोन खुणा.

१९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्याआधी काका महिन्यातून एक-दोनदा जात, पाच-दहा रुपये लावत. संपाच्या काळात महालक्ष्मी आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे ही गोष्ट वाईट ठरली. गिरणी पुन्हा पूर्वीसारखी उघडली नाही. काकूचं शिवणाचं मशीन विकलं गेलं ते रेशनसाठी असं मला सांगितलं, आणि मी ते खरं मानलं. काका अभ्यास करत होते, हेच अवघड होतं. दारूच्या नशेत किंवा आकड्यासारखं डोळे मिटून त्यांनी काही लावलं नाही. रात्री बारापर्यंत कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली ते वजनं ताडून पाहत, मागच्या शर्यतीतलं अंतर किलोत बदलत, नालेचा धातू पाहत. आणि हरत. कधी जिंकत, मग आम्हाला भजी मिळत आणि पुढच्या रविवारी जास्त पैसे जात.

रेस हा जुगार की कसब, हा वाद कोर्टात बरीच वर्षं चालला. तामिळनाडू सरकारने १९७४ मध्ये कायदा करून घोड्यांवर पैसे लावणं बंद करायचं ठरवलं होतं, १९८६ मध्ये मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्याचा कायदा केला. १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: घोड्यांची शर्यत मुख्यतः कसबाचा खेळ आहे. घोड्याची तयारी, त्याचा वंश, जॉकीचं कौशल्य, वजन, अंतर हे सगळं अभ्यासून अंदाज बांधता येतो. म्हणजे थोडक्यात, कार्ड वाचता येतं. सुट्टीला घरी आले तेव्हा मी बातमी काकांना वाचून दाखवली. त्यांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. ते हसले. "कोर्टाला म्हणावं, मग माझ्या कसबाचा पगार काढा."

निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. काकांना वाचता येत होतं, याला मी साक्षीदार आहे. पण प्रत्येक घोड्याला तेच कार्ड वाचून हँडिकॅपर वजन देतो, तेच वाचून बुकी भाव ठरवतो, आणि त्या दोघांना त्याचा पगार किंवा नफा मिळतो. काकांनी वाचलेल्या अक्षरांत त्यांच्याआधी वाचणाऱ्यांना दिसलं नाही असं फारसं काही उरतच नव्हतं.

काका गेल्यावर काकूने पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली. आत रेसची चाळीसेक पुस्तकं होती, सुतळीने बांधलेली. समासात पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरं. पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहून केलेल्या नोंदी. 'घा' म्हणजे घाम, हे लगेच कळलं. 'का. मा.' म्हणजे कान मागे. 'शे' म्हणजे शेपूट, बहुधा सारखं हलवतो अशा अर्थी. पण कित्येक घोड्यांपुढे 'मो. तोच' असं होतं आणि काहींपुढे 'मो. नवा', ते मला उलगडेना. मोळी? मोड? मोजमाप? काकूने त्या पुस्तकांना आयुष्यात हात लावला नव्हता. ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "मोतद्दार गं. ते म्हणायचे, माणूस बदलला की घोडं चार दिवस नीट खात नाही."

मी छापील मजकूर पुन्हा पाहिला. मालक आहे, ट्रेनर आहे, जॉकी आहे. पहाटे उठून घोड्याला खरारा करणारा, त्याच्याजवळ झोपणारा, लगाम धरून पॅडॉकमध्ये फिरवणारा मोतद्दार कुठेच नाही. त्याच्यासाठी अक्षर नाही. त्याच्यावरून कुठलं भांडण कोर्टात गेलं नाही, कुणा लॉर्डाचं बक्षीस अडलं नाही, म्हणून रकाना पडला नाही. अडीचशे वर्षं कार्डात भर पडत गेली तरी नाही. काका मात्र चेहरे लक्षात ठेवून दर आठवड्याला ताडून पाहत होते.

मग एका सुट्टीत मी सगळी पुस्तकं निकालांशी जुळवून बघितली. 'मो. तोच' असलेले घोडे काही जिंकले, बरेच हरले. त्यातून नियम निघत नाही. 'मो. नवा' असलेल्यांवर काकांनी पैसे लावलेले दिसत नाहीत. फक्त शेवटच्या पुस्तकात, सहाव्या शर्यतीतल्या एका तांबड्या मादीपुढे 'मो. नवा' लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे, आणि शेजारी वीस रुपये मांडले आहेत. पुढची जागा कोरी आहे.